गुडघे न टेकलेला म्हातारा

'द अव्हेंजर्स' भारतात लागला तो २७ एप्रिल २०१२ला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. आमची दहावीची परीक्षा नुकती संपली होती. कर्जतहून आम्ही पाच जण लोकलने कल्याणला गेलो, हिंदी डब केलेला शो पाहिला आणि परतीच्या गाडीत आपल्यातला कोण कोण आहे यावरून भांडत आलो. हल्क सगळ्यांनाच व्हायचं होतं. हॉकआय कुणालाच नको होता, म्हणून तो माझ्या वाट्याला आला.

त्यानंतर हा सिनेमा मी दहा-बारा वेळा तरी पाहिला असेन. गेल्या पावसाळ्यात घरून काम करत असताना एका रात्री पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच एका म्हाताऱ्यापाशी अडकलो.

प्रसंग जर्मनीतल्या श्टुटगार्टचा आहे. लोकी चौकात जमलेल्या लोकांना गुडघे टेकायला लावतो आणि माणूस मुळात गुलामीसाठीच जन्मलाय असं प्रवचन देतो. गर्दीतला एक म्हातारा उठून उभा राहतो. तुझ्यासारख्यांपुढे नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. जर्मनीतला त्या वयाचा माणूस असं बोलतो तेव्हा त्यामागचा सगळा इतिहास न सांगता कळतो. लोकी त्याला मारायला जातो, तेवढ्यात कॅप्टन अमेरिका मधे उडी घेतो. म्हातारा वाचतो. आणि सिनेमातून कायमचा जातो.

माझ्या मते या सिनेमातला पहिला अव्हेंजर तो आहे. त्याच्याकडे ढाल नाही, हातोडा नाही, आणि आपल्याला वाचवायला कुणी येणार आहे हेही त्याला माहीत नाही. दिग्दर्शक जॉस व्हीडनला हा माणूस सुचला, हे त्याचं मोठेपण. सुचल्यावर त्याचं पुढे काय करायचं हे मात्र त्याला कळलं नाही.

एकदा हे दिसलं की मग सगळीकडे तेच दिसायला लागतं. ब्रूस बॅनर आपल्याला भेटतो तो कोलकात्याच्या वस्तीत, रोगी तपासताना. एका मुलीला पुढे करून त्याला बाहेर काढलं जातं आणि तो टीममध्ये जातो. त्याच्या रोग्यांचं पुढे काय झालं? न्यूयॉर्कचा पोलीस आधी 'तुझं का ऐकायचं' असं विचारतो आणि कॅप्टनची मारामारी पाहून मुकाट ऐकतो. शेवटी बातम्यांत एक वेट्रेस आभार मानते. साध्या माणसांना इथे तीनच कामं आहेत: पळणं, ऐकणं आणि आभार मानणं.

टीम कशी जमते, हे मात्र सिनेमा फार हुशारीने दाखवतो. सहा जणांचं एकमेकांशी पटत नाही. त्यांना एकत्र आणायला निक फ्युरी मेलेल्या कोल्सनची रक्ताळलेली कार्डं टेबलावर टाकतो. ती कार्डं खरं तर लॉकरमध्ये होती, रक्त नंतर लावलेलं. म्हणजे टीमचा पाया एक थाप आहे, आणि सिनेमा ते लपवत नाही. वरची कौन्सिल तर स्वतःच्याच शहरावर अणुबॉम्ब टाकायला निघते. सत्तेबद्दल एवढं सावध असलेल्या सिनेमाला लोकांबद्दल मात्र काहीच कुतूहल नसावं, याचं मला आश्चर्य वाटतं.

परग्रहावरून आक्रमण ही कल्पना मुळात साम्राज्याच्या अपराधी भावनेतून आलेली आहे. एच. जी. वेल्सने १८९८च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये सुरुवातीलाच टास्मानियाची आठवण काढली होती: आपण तिथल्या लोकांचं जे केलं, तेच मंगळवासीयांनी आपलं केलं तर? तिकडे ही 'तर' कल्पना होती. आमच्या तालुक्यात ती घडून गेलेली होती.

माथेरानच्या न्हावी कुटुंबातला विठ्ठल कोतवाल वकील झाला आणि १९४२मध्ये भूमिगत. भाई कोतवालांनी जमवलेल्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे करवतीने कापून पाडले. खोपोलीचं वीजघर १९१५पासून चालू होतं; मुंबईचं चाक आमच्या घाटातल्या पाण्यावर फिरत होतं. 'अव्हेंजर्स'मध्येही लोकीला आकाशात भोक पाडायला स्टार्क टॉवरची वीज लागते. हा योगायोग लक्षात आला तेव्हा मी सिनेमा थांबवून एकटाच हसलो.

फरक पुढे आहे. सिनेमात एक बॉम्ब वरच्या जहाजावर फुटतो आणि खालचे सगळे चितौरी एकदम मरून पडतात. अख्खी फौज एका सर्व्हरवर चालणारी. असं डिझाइन आमच्याकडे रिव्ह्यूलाच परत पाठवतील. साम्राज्य असं नसतं. मनोरा पाडला की तो पुन्हा उभा करतात, पहारा वाढवतात आणि माणसं शोधायला निघतात. मग दस्त्याला पुन्हा जंगलात राहावं लागतं. महिनोन्महिने जंगलात राहणाऱ्यांना भाकरी लागते, निरोप लागतो, पोलीस विचारायला आले तर गप्प बसणारं गाव लागतं. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडच्या रानात पोलिसांनी गाठलं तेव्हा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. हुतात्मे म्हणून दोन नावं राहिली. भाकरी पोचवणाऱ्यांची यादी कुणी केली असेल?

यावर कुणी म्हणेल, करमणुकीच्या सिनेमाकडून एवढी अपेक्षा कशाला? बरोबर आहे. पण करमणूकच सवय लावते. दहावीतल्या मला सहाही अव्हेंजर्सची खरी नावं पाठ होती. शाळेत दर वर्षी २ जानेवारीला ज्या दोन फोटोंना हार घातला जायचा, त्यांतला हिराजी पाटील कोणता हे मात्र सांगता आलं नसतं. आणि हे हार घालणंही शेवटी तसलंच: दोघांना उंच चढवायचं आणि बाकीच्या गावाला विसरायचं. ऑफिसात रात्रभर जागून रिलीज काढणाऱ्याला 'सुपरहीरो' म्हणून टाळ्या मिळतात, त्याला दोन वाजता चहा करून देणाऱ्या पॅन्ट्रीतल्या काकांना नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असतो.

सिनेमा संपल्यावर, श्रेयनामावलीही सरल्यावर, सहा जण दमून मुकाट बसून शॉरमा खातात. हा प्रसंग मला अजूनही फार आवडतो. फक्त आता तो पाहताना माझं लक्ष मागे जातं. मोडकळलेल्या त्या हॉटेलात दुकानातली माणसं झाडू मारतायत, साफसफाई करतायत. सहा जण खातायत आणि वाढणारे पुन्हा कामाला लागलेत. कॅमेरा त्यांच्याकडे जात नाही, पण ते चौकटीत आहेत.