'बाजी'मधील क्लब : अवकाश, श्रम आणि साक्ष

गुरुदत्त यांच्या चित्रपटांची चर्चा बहुधा 'प्यासा' (१९५७) आणि 'कागज के फूल' (१९५९) या दोन कृतींभोवती फिरते. 'बाजी' (१९५१) या त्यांच्या पहिल्या चित्रपटाला या चर्चेत उमेदवारीच्या काळातील रचना एवढेच स्थान मिळते. हिंदीतील शहरी गुन्हेपटाची घडण त्याने केली हे मान्य केले जाते. परंतु त्यातील क्लब मात्र नेपथ्य मानून बाजूला ठेवला जातो. वस्तुतः या चित्रपटाचे आशयसूत्र क्लबच्या रचनेतच गुंतलेले आहे. क्लबचा मालक कोण, तेथे राबते कोण आणि तेथील सत्य कोणाला ठाऊक असते, या तीन प्रश्नांच्या ताणावर 'बाजी'चे कथन उभे आहे. त्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देतो. उरलेल्या दोहोंचे उत्तर त्याला ठाऊक असते, पण पेलत नाही.

कथानक थोडक्यात असे. बेकार मदन (देव आनंद) जुगारात कुशल आहे. त्याची बहीण क्षयाने आजारी आहे. स्टार क्लबचा मालक त्याला चाकरी देऊ करतो. मदन आधी ती नाकारतो आणि बहिणीच्या उपचारासाठी पुढे स्वीकारतो. वस्तीत दवाखाना चालवणारी डॉक्टर रजनी (कल्पना कार्तिक) आणि क्लबची नर्तकी लीना (गीता बाली) या दोघी त्याच्यावर प्रेम करतात. मालक हा रजनीचा प्रतिष्ठित पिताच (के. एन. सिंग) आहे. मदनला संपवण्याच्या डावात लीनाचा बळी जातो आणि तिच्या खुनाचा आळ मदनवर येतो. बहिणीच्या जिवाची धमकी मिळाल्याने तो गुन्हा कबूल करतो. अखेर रजनीशी विवाह करू इच्छिणारा पोलीस अधिकारीच खऱ्या गुन्हेगाराला उघडे पाडतो. मदन फाशीतून सुटतो. जुगाराबद्दलची सौम्य शिक्षा तेवढी भोगतो.

'बाजी'चे नाते चार्ल्स व्हिडोर यांच्या 'गिल्डा' (१९४६) या अमेरिकन चित्रपटाशी अनेकदा जोडले गेले आहे. मात्र अशा ऋणनिर्देशापाशी थांबणारी तुलना फारशी फलदायी नसते. उसने घेतलेल्या संकेतांची पुनर्मांडणी कशी झाली, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकन 'फिल्म न्वार'मधील क्लब, बार, हॉटेल या जागांकडे व्हिव्हियन सॉबचॅक यांनी १९९८ च्या आपल्या निबंधात बाख्तीनच्या स्थळकाळबंधाच्या संकल्पनेतून पाहिले आहे. युद्धोत्तर अमेरिकेत घराची शाश्वती हरवली आणि त्या पोकळीत या भाड्याच्या, तात्पुरत्या जागा आल्या, असा त्या विवेचनाचा रोख आहे. 'बाजी'त हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे घर हरवलेले नाही, ते आजारी आहे. क्लबमधील पैसा घराच्या औषधपाण्यासाठी लागतो. क्लब हा घराला पर्याय म्हणून येत नाही, तर घर चालण्याची गुप्त अट म्हणून येतो. दवाखाना व क्लब ही वरवर परस्परविरोधी स्थळे एकाच कुटुंबाच्या दोन बाजू ठरतात: मुलगी गरिबांना बरे करते आणि बाप त्यांच्या गरजेचा व्यापार करतो. पटकथा आणि संवाद लिहिणारे बलराज साहनी इप्टाच्या चळवळीतले होते. त्यांची सामाजिक दृष्टी उपदेशपर वाक्यांपेक्षा स्थळांच्या या जोडणीत अधिक दिसते.

मालकाच्या चित्रणातही हीच दृष्टी आहे. 'गिल्डा'तील मालक मंडसन आपल्या कचेरीच्या खिडकीच्या झडपा उघडून खालच्या जुगारखान्यावर नजर ठेवतो. त्याची सत्ता पाहण्याची आहे आणि ती उघड आहे. 'बाजी'त मालक प्रथम समोर येतो तो अंधारात, चेहरा न दाखवता. त्याची सत्ता न दिसण्याची आहे. छायालेखक व्ही. रात्रा यांचा छायाप्रकाश येथे निव्वळ वातावरणनिर्मिती करीत नाही, तर मालकी आणि प्रतिष्ठा यांतला संबंध दाखवतो. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ साली झाला होता. सभ्यतेची सक्ती करणाऱ्या त्या काळातील शहराच्या प्रतिमेत क्लबचा मालक दिवसाउजेडी सन्माननीय नागरिक असावा, ही कल्पना रहस्यकथेच्या सोयीपुरती राहत नाही.

परंतु सर्वांत अर्थपूर्ण फेरफार स्त्रीपात्रांच्या बाबतीत झाला आहे. 'गिल्डा'त क्लबमध्ये गाणारी स्त्री आणि नायकाची प्रेयसी एकच आहे. तिच्याविषयीचा संशय हाच त्या कथेचा गाभा असून अखेरीस तो संशय खोटा ठरतो. 'बाजी'ने या एका स्त्रीचे दोन भाग केले. इच्छा, देह आणि गाणे लीनाकडे गेले. सेवा, शिक्षण आणि विवाहयोग्यता रजनीकडे. या विभागणीने नायकापुढील नैतिक निवड सोपी केली, पण तिची किंमत एका मृत्यूने चुकवावी लागली. खलनायिका अथवा नर्तकी नायकासाठी मरते, हा हिंदी चित्रपटाचा संकेत पुढे इतका रुळला की त्यामागचा हिशेब दिसेनासा झाला. 'बाजी'त तो अद्याप उघडा आहे, म्हणूनच त्याचे वाचन आवश्यक ठरते.

लीना क्लबमध्ये काम करते, म्हणून तिला क्लब ठाऊक आहे. मालकाचे हस्तक कोण आणि त्यांचे डाव कोणते, हे तिला तिच्या नोकरीनेच शिकवले आहे. मदनवर हल्ला होणार असतो त्या प्रसंगी ती गात असलेले गाणे हे या चित्रपटाचे मर्मस्थान होय. क्लबमधील श्रोत्यांच्या दृष्टीने ते करमणुकीचे गाणे असते. मदनच्या दृष्टीने तो वेळ निघून चालल्याचा इशारा असतो. एकाच गाण्याला दोन श्रोतृवर्ग आणि दोन अर्थ आहेत. नर्तकीला उघड बोलण्याची मुभा नाही, म्हणून जे काम करण्यासाठी तिला पगार मिळतो त्याच कामाच्या आत ती आपली साक्ष दडवते. गीता रॉय यांचा आवाज, साहिर लुधियानवी यांचे शब्द आणि सचिनदेव बर्मन यांची चाल यांचा येथील मेळ गीताला कथनाची कृती बनवतो. गाणे कथेत मिसळून टाकण्याबद्दल गुरुदत्त यांची जी ख्याती पुढे झाली, तिचे मूळ असे एका अडचणीत सापडलेल्या श्रमिक स्त्रीच्या युक्तीत आहे.

हे केवळ योगायोगाने घडले असे म्हणता येत नाही. गुरुदत्त स्वतः उदयशंकर यांच्या अल्मोडा येथील केंद्रात नृत्य शिकले होते आणि पुण्यात प्रभातमध्ये त्यांनी नृत्यदिग्दर्शनही केले होते. 'बाजी'च्या नृत्यदिग्दर्शिका जोहरा सेहगल याही अल्मोड्याच्याच परंपरेतल्या. नृत्य म्हणजे शिस्त, मेहनत आणि उपजीविका, हे या निर्मात्यांना अनुभवाने माहीत होते. क्लबसंगीताचा नादही अशाच श्रमातून आला. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक त्या काळी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करीत. 'बाजी'च्याच वर्षीच्या 'अलबेला'मध्ये सी. रामचंद्र यांच्यासोबत चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे अँटोनियो वाझ होते, ही नोंद या दृष्टीने बोलकी आहे.

आणि तरीही लीना मरते. तिचा मृत्यू भावनिक पातळीवर प्रेमातला त्याग म्हणून मांडला जातो. कथनाच्या पातळीवर मात्र त्याने एक साक्षीदार नाहीसा होतो. तिच्या मृत्यूनंतर सत्य उघड करण्याचे काम पोलीस अधिकाऱ्याकडे जाते. ज्ञान कामगाराच्या हातून राज्ययंत्रणेच्या हाती सोपवले जाते. येथे 'गिल्डा'शी तुलना पुन्हा उपयोगी पडते. तेथे स्वच्छतागृहात राबणारा अंकल पिओ हा क्लबमधील सर्वांत खालचा नोकर सर्व जाणून असतो. अखेरीस मालकाला तोच मारतो आणि जिवंत राहतो. 'बाजी'त जाणणारी स्त्री मारली जाते, मालकाचा गुन्हा एका माणसाचा गुन्हा ठरतो, आणि क्लब नावाच्या व्यवस्थेचे पुढे काय झाले हा प्रश्न विचारला जात नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की लोकप्रिय गुन्हेपटाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शेवट गोड करणे ही त्या आकृतिबंधाची अटच असते. आक्षेप अंशतः खरा आहे. मात्र शेवट गोड होण्यासाठी मदन सुटणे पुरेसे होते. लीना मरणे अटळ नव्हते. ती जगली असती तर न्यायालयात तिची साक्ष झाली असती, आणि मग क्लबच्या नर्तकीच्या शब्दावर प्रतिष्ठित पित्याला दोषी ठरवावे लागले असते. चित्रपट ज्यापाशी थबकतो ती जागा हीच. लीनाच्या गाण्यावर त्याचा विश्वास आहे, पण तिच्या साक्षीवर नाही.

हा अविश्वास पडद्यापुरता राहिलेला नाही. 'चांदनी बार' (२००१) या मधुर भांडारकर यांच्या चित्रपटाने दृष्टिकोन नर्तकीकडे दिला आणि गुन्हेगारी जगताला तिच्या संसाराच्या चौकटीत पाहिले. पण चारच वर्षांनी, २००५ साली, महाराष्ट्रात डान्सबारमधील नृत्यावर कायद्याने बंदी आली. त्या कायद्यातून तारांकित हॉटेले वगळली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. समानता आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य हे त्या निर्णयांचे आधार होते. नर्तकी हे प्रलोभन आहे की काम करणारी नागरिक, हा वाद न्यायालयात गेला, तेव्हा 'बाजी'ने अर्ध्यावर सोडलेला प्रश्नच पुन्हा विचारला जात होता.

म्हणून 'बाजी'चे महत्त्व त्याच्या आद्यत्वात शोधणे अपुरे ठरते. क्लब हे श्रमाचे ठिकाण आहे आणि तेथील श्रमिकाला तेथील सत्य ठाऊक असते, ही जाणीव या चित्रपटाच्या दृश्यरचनेत आणि गीतयोजनेत आहे. त्याच्या कथानकाने ती नाकारली आहे. हा अंतर्विरोध दोष म्हणून नोंदवून मोकळे होण्यात अर्थ नाही. कथानकाने गप्प केलेली साक्ष गाण्यात टिकून राहिली आहे; ती ऐकायची तर क्लबला नेपथ्य मानण्याची सवय समीक्षेला प्रथम सोडावी लागेल.