हिरवा पडदा : लोप आणि आदेश

चित्रपटातील अथवा दूरचित्रवाणीवरील चमत्कृतिदृश्याची चर्चा करताना टीकाकार बहुधा एकच प्रश्न विचारतो : दृश्य खरे वाटते की नाही? हा प्रश्न अपुरा आहे, असे माझे मत आहे. पाणिनीच्या व्याकरणातील लोप आणि आदेश ह्या दोन संकल्पनांचा आधार घेऊन अधिक नेमका प्रश्न कसा मांडता येईल, ते येथे पाहावयाचे आहे.

हिरव्या पडद्याची प्रक्रिया थोडक्यात अशी. नट एकरंगी पडद्यापुढे अभिनय करतो. नंतर तो रंग चित्रातून वगळला जातो आणि रिकाम्या जागी दुसरे चित्र बसविले जाते. पाणिनीने अदर्शनाला लोप म्हटले आहे. येथे प्रथम रंगाचा लोप होतो. मग स्थानीच्या जागी आदेश येतो.

हिरवाच रंग का, ह्याची कारणे व्यावहारिक आहेत. मानवी त्वचेच्या वर्णापासून तो दूर आहे. शिवाय आजच्या बहुसंख्य डिजिटल कॅमेऱ्यांत हिरवा प्रकाश टिपणारे घटक तांबड्या किंवा निळ्या घटकांच्या दुप्पट असतात. तथापि कोणताही रंग स्वभावतः अर्थशून्य नसतो. मराठी नववधूचा हिरवा चुडा ह्या पडद्यापुढे आला, की यंत्र त्यालाही वगळण्यास प्रवृत्त होते आणि पडदा निळा घ्यावा लागतो. जो रंग एका व्यवस्थेत सौभाग्याचे चिन्ह आहे, तोच दुसऱ्या व्यवस्थेत केवळ रिकामी जागा ठरतो. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेवर अवलंबून असते, ह्याचे याहून सुबोध उदाहरण विद्यार्थ्यांना क्वचितच देता येईल.

आता आदेशाकडे वळू. आदेश स्थानीप्रमाणे मानावा, असा पाणिनीचा नियम आहे. मात्र जे कार्य केवळ वर्णावर अवलंबून असते, तेथे तो लागू होत नाही. मराठीतील समांतर उदाहरण घ्यावयाचे तर ‘तो जातो’ आणि ‘तो गेला’ ह्यांतील धातुरूपांत ध्वनिसाम्य नाही. तरीही ‘गेला’ हे ‘जा’चेच कार्य करते. रूप भिन्न असले तरी चालते; संबंध तुटता कामा नये. पडद्यावरील आदेशालाही हीच कसोटी लावावी. मागे बसविलेल्या डोंगरावर ऊन डावीकडून आणि नटाच्या गालावर उजेड उजवीकडून येत असेल, पायाखाली सावली नसेल, पडद्याची हिरवी झाक केसांच्या कडेला उरली असेल, अथवा नटाची दृष्टी जेथे खिळली आहे तेथे काहीच नसेल, तर चित्र कितीही सुबक असो, अन्वय बिघडलेला असतो.

निळ्या पडद्याचा प्रभावी वापर लॅरी बटलर ह्यांनी १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ ह्या रंगीत चित्रपटात केला. त्याच्या चार वर्षे आधी, १९३६ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ प्रदर्शित झाला. १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले आणि फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटातील वैकुंठगमन पाहून आजचा प्रेक्षक फसत नाही. १९३६ चा प्रेक्षकही पूर्णपणे फसला असेल, असे मानण्याचे कारण नाही. तरीही ते दृश्य टिकून आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आकाशात जातो आणि गौरीची जिजाई संसारासह भूमीवर मागे राहते. वर जाणाऱ्याचा मागे राहिलेल्यांशी असलेला संबंध अभंग राहतो. गरुडविमान कृत्रिम आहे, विरह कृत्रिम नाही. रूप भिन्न, कार्य अबाधित!

ह्यावर असा आक्षेप येईल, की प्रत्यक्ष स्थळी चित्रण केल्यास हा सारा खटाटोपच टळेल. हा आक्षेप मला मान्य नाही. प्रभातचे यशही मोठ्या प्रमाणात नेपथ्याचे होते आणि फत्तेलाल हे त्या कलेतील अधिकारी पुरुष होते. घोरावाडीनजीकच्या घोराडेश्वराचेच उदाहरण घेऊ. तुकोबांच्या चिंतनस्थळांत परंपरा भंडारा आणि भामचंद्र ह्यांच्याबरोबर ह्या डोंगराचेही नाव घेते. तेथे प्राचीन शैलगृहे आहेत. त्या लेण्यांत दिव्यांचा आणि माणसांचा लवाजमा नेण्यापेक्षा स्टुडिओतला पडदा कितीतरी सौम्य होय.

परंतु त्याचबरोबर एक जबाबदारी येते. कोणताही उघडा कातळ तुकोबांच्या मागे बसवून त्याला घोराडेश्वर म्हणणे आज सोपे झाले आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला फरक कळणार नाही. पुणे–लोणावळा लोकलने रोज जाणाऱ्या घोरावाडीच्या माणसाला तो कळेल. आणि हळूहळू, पडद्यावरचाच डोंगर पाहत वाढलेल्या त्याच्या मुलांनाही कळेनासा होईल. भाषेत आदेश येतो तेव्हा स्थानी शास्त्रकाराच्या स्मरणात तरी राहतो. येथे स्थानीच विसरला गेला, तर उरते ते निव्वळ अदर्शन. म्हणून टीकाकाराने दृश्य खरे वाटते का, एवढ्यावर न थांबता, ह्या चित्राने कोणाची जागा घेतली आणि त्या जागेचे कोणते संबंध सांभाळले, हे विचारले पाहिजे.