वाघाचा फोटो कसा वाचावा?

आजचा विषय आहे वन्यजीवांच्या आणि रानावनाच्या छायाचित्रणामागचे अनुभव. हा विषय निघाला की लोकांना किस्से हवे असतात. मचाणावर किती तास बसलात, जळवा किती लागल्या, हत्ती अंगावर आला तेव्हा काय केलंत. किस्से आम्हालाही आवडतात. पण आज आम्ही समीक्षेच्या बाजूने बोलणार आहोत. प्रश्न साधा आहे. फोटो चांगला की वाईट हे ठरवताना तो कसा मिळाला, हे विचारायचं की नाही?

कवितेच्या बाबतीत हा प्रश्न आपण टाळू शकतो. कविता दोन मिनिटांत झाली की दोन वर्षांत, वाचणाऱ्याला त्याचं काय! वन्यजीव छायाचित्राला मात्र ही सूट मिळत नाही, असं आमचं म्हणणं आहे.

लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा भरवतं. २००९ साली स्पेनचे होसे लुईस रोद्रिगेस यांच्या फोटोला तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. रात्रीची वेळ, लाकडी फाटक आणि त्यावरून झेप घेणारा लांडगा. बघताक्षणी अंगावर काटा यावा असा फोटो. पुढे शंका निघाल्या, चौकशी झाली. हा लांडगा माणसाळलेला असण्याचीच शक्यता फार, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. २०१८ मध्ये पुन्हा तेच. ब्राझीलमध्ये मार्सियो काब्राल यांनी टिपलेलं, चमचमत्या वारुळाशी आलेलं मुंगीखाऊ हे पेंढा भरलेलं असावं, असं तज्ज्ञांचं मत पडलं आणि बक्षीस गेलं. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, हेही सांगायला हवं.

आता बघा, निकालाच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फोटोत फरक काय पडला? काहीच नाही. प्रकाश तोच, रचना तीच, झेपही तीच. तरी आपण तो फोटो पूर्वीसारखा बघू शकत नाही. याचा अर्थ, आपण आधीही नुसता फोटो बघत नव्हतो. एक रानटी जनावर आपल्या मर्जीने तिथे आलं आणि कुणीतरी त्याची वाट बघितली, हा अनुभव आपण त्यात वाचत होतो. तो खोटा ठरला आणि फोटो पोकळ झाला. म्हणून मागची हकिगत ही वन्यजीव छायाचित्रात वरची सजावट नसते. ती चित्राचाच भाग असते, आणि चित्राचा भाग असेल तर तिचीही समीक्षा व्हायलाच हवी.

ती कशी करायची? ‘किती तास थांबलात’ एवढ्याने भागत नाही. १९२७ सालची दोन उदाहरणं घेऊ. त्या वर्षी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आलं. तो वाघाच्या शिकारीचा जमाना होता. चॅम्पियन वाघाच्या वाटेवर तार लावायचे. रात्री वाघाचा धक्का लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. म्हणजे नेमक्या क्षणी कॅमेऱ्यामागे कुणी नसायचंच! मग त्यामागचा अनुभव कोणता? वाघ कुठल्या वाटेने जाईल हे ओळखण्याचा. पाऊलखुणा वाचण्याचा.

त्याच वर्षी अमेरिकेत अँसेल अ‍ॅडम्स योसेमिटीच्या हाफ डोम कड्यासमोर उभे होते. काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिला फोटो पिवळा फिल्टर लावून काढला. पण त्यात कड्याची ती जरब येणार नाही, असं त्यांना वाटलं. मग शेवटच्या प्लेटसाठी लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं आलं आणि तोच फोटो अजरामर झाला. डोळ्यांना दिसलं त्यापेक्षा मनाला काय जाणवलं, ते त्यांना हवं होतं. याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही, कारण आपण काय केलं ते अ‍ॅडम्स यांनी उघड सांगितलं.

पण आमची एक तक्रार आहे. त्यांच्या गाजलेल्या निसर्गचित्रांत योसेमिटी निर्मनुष्य दिसतं. १८५१ मध्ये एका सशस्त्र तुकडीने त्या खोऱ्यात शिरून मूळच्या अहवानीची लोकांना हुसकावलं होतं. त्यांच्यातले काही परत आले. अ‍ॅडम्स फोटो काढत होते तेव्हाही मूळ रहिवाशांची वस्ती खोऱ्यात होती. या चित्रांत ती नाही. ‘रान म्हणजे जिथे माणूस नाही’ ही समजूत अशा चित्रांनी जगभर पोचवली. आपल्याकडचे कितीतरी जंगलांचे फोटो आजही तीच गिरवतात.

म्हणून आम्हाला नयन खानोलकर यांचा ‘द अ‍ॅली कॅट’ महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये त्याच स्पर्धेत शहरी विभागात तो पहिला आला. जागा मुंबईची, आरे कॉलनी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून. वारल्यांच्या वस्तीतली बोळ, रात्र आणि तिथून गुपचूप जाणारा बिबट्या. बिबट्याने चौकट व्यापून टाकू नये असाच कॅमेरा लावला होता. फ्लॅशचा उजेडही बोळीतल्या नेहमीच्या दिव्यांसारखाच ठेवला होता. फोटो मिळायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांइतकंच महत्त्व आम्ही आणखी एका गोष्टीला देतो. खानोलकरांनी आधी वस्तीतल्या लोकांना आपलं म्हणणं पटवून दिलं. बिबट्याच्या ये-जा करण्याची माहिती लोकांनी दिली, आणि कॅमेऱ्याला कुणी हात लावला नाही तो त्यांच्यामुळेच. वाघोबाला देव मानणारी ही माणसं. अनुभव एकट्या छायाचित्रकाराचा नव्हता, आणि त्या घरांमुळे ते चित्रातच दिसतं.

याच्या शेजारी रशियाचे सर्गेई गोर्शकोव्ह यांचा ‘द एम्ब्रेस’ ठेवून बघा. २०२० चा सर्वोच्च विजेता. अतिपूर्वेच्या जंगलात देवदाराच्या जातीतल्या एका जुन्या झाडाला मिठी मारून अंग घासणारी अमूर वाघीण. इथेही स्वयंचलित कॅमेरा, आणि अकरा महिन्यांहून जास्त प्रतीक्षा. वाघांनी झाडांवर ठेवलेला वास, केस, खुणा शोधत त्यांनी ते झाड निवडलं. फोटोत माणूस नाही, पण रान वाचण्याचं ज्ञान आहे. वाघिणीला कुणी वळवलं नाही, कुणी अडवलं नाही.

आता घरचं उदाहरण, आणि ते कडू आहे. २०२४ च्या वर्षाअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडवली. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा गर्दीतही फोटो निघतात, मंडळी. लांब भिंगाच्या कॅमेऱ्याने गाड्या सहज चौकटीबाहेर ठेवता येतात. उरतं काय? आई, पिल्लं आणि सोनेरी उजेड. खाली ओळ येते, ‘निसर्गाच्या कुशीत’. लाइक आपण देतो, आणि पुढच्या रविवारी जिप्सीवाल्याला ‘जरा पुढे घ्या ना दादा’ म्हणणाराही आपल्यातलाच कुणीतरी असतो. फोटो खोटा नाही, वाघीणही खरीच आहे. पण तो मिळवण्याची किंमत तिने मोजली, आणि ते फोटोत कुठेच लिहिलेलं नाही. माणसाळलेल्या लांडग्यावरून बक्षीस जातं, मग घेरलेल्या वाघिणीच्या फोटोला आपण ‘वा!’ कसं म्हणतो? आमच्या लेखी हा दोष लहान नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच. फोटो बघितलात की खालचा मजकूर वाचा. कुठे, कसा, किती अंतरावरून, कुणाच्या मदतीने, आणि जनावराची वाट मोकळी होती का, एवढं त्यात असायला हवं. नसेल तर विचारा. प्रदर्शनात विचारा, स्पर्धेच्या परीक्षकांना विचारा. ज्याने फोटो सचोटीने काढलाय त्याला हे सांगताना आनंदच होईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.