वाढीचा तक्ता काय सांगत नाही?

करोनात मुले जाड झाली, असे आपण सर्रास म्हणतो. भांडुपसह साऱ्या मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग मार्च २०२० पासून १५ डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होते. एवढ्या काळात २८ किलोचा मुलगा ३५ किलोचा झाला, तर घाबरावे का? उंची १३० वरून १४० सेंटिमीटर झाली असेल, तर बीएमआय (वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) १६.६ वरून १७.९ होतो, उंची तेवढीच राहिली, तर २०.७! म्हणून इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा २०१५ चा तक्ता शाळेत हवाच. त्यातील जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २५ ऐवजी २३ ला मिळते, कारण तेवढ्याच बीएमआयला भारतीयांत चरबी अधिक असते. हे चांगलेच. पण चरबी आणि स्नायू त्याला वेगळे कळत नाहीत. चाळीतल्या खोलीत बसून स्नायू रोडावले आणि चरबी वाढली, तर तक्ता गप्प राहतो.