प्रकाशकलेतील अध्यात्म आणि तंत्रज्ञान : जेम्स टरेल व डॅन फ्लेविन यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मराठी साहित्यपरंपरेत प्रकाश हे ज्ञानाचे रूपक म्हणून रूढ आहे. त्यामुळे प्रकाश हेच माध्यम असलेली कलाकृती समोर आली की तिला ‘आध्यात्मिक’ हे विशेषण लावण्याचा मोह सहज होतो. हे विशेषण कलाकृतीच्या घडणीतून सिद्ध होते की आपल्या संस्कारांतून तिच्यावर लादले जाते, हा समीक्षेपुढील प्रश्न आहे. जेम्स टरेल (जन्म १९४३) आणि डॅन फ्लेविन (१९३३-१९९६) या दोन अमेरिकन कलावंतांच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

टरेल : झाकलेले तंत्र

टरेल यांचा जन्म क्वेकर कुटुंबात झाला. या ख्रिस्ती पंथाच्या मूळ परंपरेत उपासक निःशब्द बसून अंतःप्रकाशाची प्रतीक्षा करतात. पुढे टरेल यांनी पोमोना कॉलेजात दृक्‌संवेदनाशी निगडित मानसशास्त्राचा अभ्यास करून १९६५ साली पदवी घेतली. १९६८-६९ मध्ये लॉस एंजेलिस कौंटी कला संग्रहालयाच्या ‘कला आणि तंत्रज्ञान’ उपक्रमात रॉबर्ट अर्विन व शास्त्रज्ञ एडवर्ड वॉर्ट्झ यांच्यासह त्यांनी काही प्रयोग केले. ध्वनी शोषून घेणारी खोली आणि कडा वा अंतर यांचा आधार न देणारे एकसारखे प्रकाशक्षेत्र, अर्थात ‘गांझफेल्ड’, यांत माणसाच्या जाणिवेचे काय होते, हा त्या प्रयोगांचा विषय होता.

या दुहेरी वारशाचे फलित त्यांच्या ‘स्कायस्पेस’मध्ये दिसते. छतातील मोकळ्या चौकटीच्या कडा इतक्या पातळ ठेवलेल्या असतात की आकाश छताच्या पातळीवर उतरल्यासारखे भासते. ह्यूस्टन येथील क्वेकर सभागृहात यासाठी सरकते छप्पर योजले आहे. इतर अनेक स्कायस्पेसमध्ये सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी एलईडी दिव्यांनी आतील भिंतींचा रंग बदलत जातो आणि त्याबरोबर आकाशही वेगळ्या रंगाचे दिसू लागते. वस्तुतः आकाश दिव्यांमुळे बदललेले नसते. बदलते ते आपले पाहणे. पाहणाऱ्याला आपल्या पाहण्याची जाणीव होणे, या अर्थाने येथे ‘आध्यात्मिक’ हा शब्द सार्थ ठरतो.

तथापि, झाकलेले तंत्र प्रेक्षकाला जसे जागे करते तसे फसवूही शकते. १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील टरेल यांच्या प्रदर्शनात प्रकाशाचा पृष्ठभाग खरी भिंत समजून टेकू पाहणारे प्रेक्षक पडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. भास ओळखता आला तर जाणीव वाढते. न ओळखता आल्यास केवळ चमत्कार उरतो.

फ्लेविन : उघडे तंत्र

फ्लेविन यांनी १९६३ पासून बाजारात मिळणाऱ्या तयार ट्यूबलाईट वापरल्या. आपल्या वर्गखोल्यांतून आणि कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे जळणारी हीच वस्तू. नळी, पट्टी, जोडणी, काहीही त्यांनी झाकले नाही. त्यांनी तारुण्यात कॅथलिक धर्मगुरूपदाचे शिक्षण घेतले होते, आपल्या आरंभीच्या दिवे जडवलेल्या चौकोनी पेट्यांना ‘आयकॉन’ हे धार्मिक नावही दिले होते. परंतु आपल्या कलेचा आध्यात्मिक अर्थ त्यांनी सातत्याने नाकारला. असे असूनही त्यांची अखेरची मोठी रचना मिलानच्या एका चर्चमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर १९९७ साली, पूर्ण झाली. तेथे मुख्य दालनात हिरवा-निळा, आडव्या दालनात गुलाबी आणि वेदीमागे सोनेरी प्रकाश आहे. रात्र, पहाट आणि दिवस असा क्रम त्यात वाचता येतो. उपासकासाठी ते प्रार्थनास्थळच राहते. नळ्यांचे अस्तित्व त्याच्या श्रद्धेच्या आड येत नाही.

युरोपीय संघात २०२३ पासून बहुतेक पारायुक्त ट्यूबलाईट नव्याने बाजारात आणण्यास बंदी झाली आहे. नळी बदलून एलईडी लावल्यास ती कलाकृती फ्लेविन यांचीच राहील काय? ज्या कलेत वस्तू लपविलेली नाही, तेथे वस्तूचा नाश हा अर्थाचाही प्रश्न होतो.

निष्कर्ष :

अध्यात्म हा प्रकाशाचा गुणधर्म नव्हे. टरेल यांच्या उत्तम रचनांत ते पाहणाऱ्याच्या अवधानातून आणि मिलानच्या चर्चमध्ये स्थळाच्या उपयोगातून निर्माण होते. प्रक्षेपकांच्या झगमगाटाने भिंती भरणाऱ्या अलीकडच्या प्रदर्शनांनाही हे विशेषण सर्रास लावले जाते. तेथे प्रेक्षकाकडून अवधानाची अपेक्षाच बहुधा नसते. म्हणून समीक्षकाने ‘आध्यात्मिक’ म्हणण्यापूर्वी ही कलाकृती पाहणाऱ्याकडून काय मागते, हे तपासणे अगत्याचे आहे. तसे न केल्यास दीपमाळ आणि रोषणाई यांतील भेद सांगणारा शब्दच आपल्या समीक्षेत उरणार नाही.