कोहमाऱ्याच्या नाक्यावरचे लोकमत

गोंदियाहून गोरेगावमार्गे खाली उतरणारा रस्ता कोहमाऱ्याला मुंबई–कोलकाता महामार्गाला मिळतो. निवडणूक आली की या नाक्यावर गाड्या थांबतात. वहीवाले, कॅमेरावाले, अलीकडे टॅबवाले उतरतात, चहा पितात, टपरीवरच्या चार माणसांना विचारतात आणि साकोली किंवा देवरीच्या दिशेने निघून जातात. दुसऱ्या दिवशी ‘पूर्व विदर्भाचा कल’ जाहीर होतो. नाक्यावर दुपारी बसायला फुरसत कोणाला असते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. धानाच्या बांधीत वाकलेली बाई नाक्यावर येत नाही. तिची वस्ती रस्त्यापासून दूर आहे, आणि लोकमत तर रस्त्यावरच गोळा होते!

विद्यापीठीय संशोधक म्हणतील, आम्ही असे करत नाही. ते बरोबर आहे, आणि ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरे आली आणि लँडन जिंकणार असे भाकीत झाले. जिंकले रुझवेल्ट. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्या घरी फोन होता त्यांचे मत हे राष्ट्राचे मत ठरले होते. त्या फजितीनंतर नमुना निवडीचे शास्त्र भक्कम झाले. आपल्याकडे पुण्यात व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीचा वर्तनवादी पद्धतीने अभ्यास केला. दिल्लीच्या सीएसडीएसने १९६७ पासून राष्ट्रीय पाहण्या सुरू केल्या. १९९६ नंतरच्या अशाच पाहण्यांच्या आधारे योगेंद्र यादवांनी दाखवून दिले की या देशात गरीब आणि दलित हे सुखवस्तू वर्गापेक्षा मतदानाला कमी जात नाहीत, उलट अधिक उत्साहाने जातात. अडाणी मतदाराच्या नावाने गळा काढणाऱ्या अभिजनांना याहून चोख उत्तर आपल्या मोर्चांनीही दिले नव्हते. तेव्हा आकडेशास्त्रच ब्राह्मणी आहे, असे म्हणून फेकून देण्याचा आळस आपल्याला परवडणारा नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. हे शास्त्र उत्तर मोजते, उत्तर देण्याची किंमत मोजत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे जी साक्ष दिली, ती लोकमताच्या अभ्यासकांनी मुळापासून वाचायला हवी. अस्पृश्यांची मते दुसरा कोणी मांडील, एवढ्याने भागत नाही, तेथे अस्पृश्य माणूस स्वतः असला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. त्यामागची मीमांसा आणखी खोल आहे. ज्या समाजात एका गटाचा अनुभव दुसऱ्या गटात झिरपतच नाही, तेथे समान मनोवृत्ती तयार होत नाही. मग ‘लोक’ हे एकवचन कोठून आले? वेगवेगळ्या कोंडवाड्यांतली मते बेरजेच्या एका रेघेखाली लिहिली की जे निघते, त्याला आपण लोकमत म्हणतो.

या बेरजेचा धडा आमच्या जिल्ह्याने घेतला आहे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; वेगळा जिल्हा झाला १९९९ साली. भंडारा हा द्विसदस्य लोकसभा मतदारसंघ, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. १९५२ ची इथली निवडणूक न्यायालयात गेली. सरकारला विडी पुरवण्याच्या करारांमुळे गोंदियाचे चतुर्भुज जसाणी अपात्र ठरले. त्याच खटल्यात दुसरा वाद होता: महानुभाव पंथ स्वीकारलेले गंगाराम ठवरे महार राहिले की नाही? फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, राहिले. म्हणजे मत कोणाचे हे ठरण्याआधी माणूस कोण, हेच न्यायासनाला ठरवावे लागले!

त्यानंतर मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर बाबासाहेब उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी हरले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. राखीव जागेचा निकाल मतदारसंघातले सारेच लावत होते. याला ‘जनतेचा कौल’ म्हटले गेले. दलित वस्त्यांचे स्वतःचे मत काय होते, हे त्या आकड्यातून वेगळे काढताच येत नाही. जातीय बहुमत आणि राजकीय बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे बाबासाहेब १९४५ पासून बजावत होते. राजकीय बहुमत बदलते, जातीय बहुमत जन्माने ठरते. निवडणूक-पाहण्यांचे किती अहवाल हा फरक करतात?

मी स्वतः विद्यार्थ्यांबरोबर अशा एका पाहणीत फिरलो आहे. धानकापणीचे दिवस होते. बांधीच्या धुऱ्यावर एका मजूर बाईला प्रश्न विचारला, तेव्हा मालक चार हातांवर उभा होता. ती म्हणाली, “आमाले काय पुसता, मालकाले पुसा.” विद्यार्थ्याने ‘मत नाही’ या चौकटीत खूण केली. संध्याकाळी आमच्यातल्या दोन मुली तिच्या घरी गेल्या, तर ती तासभर बोलली. रोजगार हमीची थकलेली मजुरी, रेशन, गावचा सरपंच, दिल्लीचे सरकार, सगळ्यांवर तिचे ठाम मत होते. अर्जावरची खूण मात्र तशीच राहिली, कारण नियमाप्रमाणे मुलाखत एकदाच घ्यायची होती.

आणि ते जातीचे रकाने! महार, मांग, चांभार, ढोर यांना ‘अनुसूचित जाती’ या एका खणात कोंबायचे, मग ‘दलित मत अमुक पक्षाकडे’ असे म्हणायचे. बौद्धाला तर केंद्राच्या यादीत १९९० पर्यंत जागाच नव्हती. अशा खणांवरून पक्ष तिकिटे वाटतात. संशोधन राजकारणावर परिणाम करते ते असे, मागच्या दाराने.

नामांतराच्या वेळी तर पाहणीचीही गरज वाटली नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला, मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या, आणि ‘लोकमत तयार नाही’ या सबबीखाली १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबवले गेले. जळालेल्या घरांतल्या माणसांचे मत लोकमतात धरले नव्हते.

२०२४ मध्ये बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३. महाराष्ट्रात ४८ पैकी ३० महाविकास आघाडीकडे गेल्या. संविधान बदलणार, ही चर्चा वस्त्यांत कितीतरी दिवस चालू होती. ती ऐकायला कोणाचा टॅब पोचला नव्हता. उलट सीएसडीएसच्या निवडणूकपूर्व पाहणीने कोण जिंकेल यापेक्षा काय दुखते ते विचारले, तेव्हा बेरोजगारी आणि महागाई ही उत्तरे सरळ पुढे आली.

आपली मुले आता समाजशास्त्रात, राज्यशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करीत आहेत. प्रश्नावल्या घेऊन तीच गावोगाव फिरतात, तयार रकाने भरतात. त्यांनी प्रश्नावली तयार होते त्या खोलीत जागा मागावी. तोवर निदान अर्जाच्या समासात तीन गोष्टी लिहाव्यात: मुलाखत कोणाच्या अंगणात झाली, त्या वेळी शेजारी कोण उभे होते, आणि ज्याला विचारले तो त्या माणसाकडे मजुरीला जातो का.