‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ : सैतानाचे कवन की मनुष्याचे आरोपपत्र?

‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे नाव निघाले की ‘सैतानपूजक’ हा शब्द त्यापाठोपाठ येतो. ज्यांनी त्यांची गीते ऐकलेली नाहीत, तेही हा शब्द निःशंकपणे उच्चारतात. वृंदाचे नाव एका भयपटावरून घेतलेले होते. फेब्रुवारी १९७० मध्ये निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनात कंपनीने परस्पर उलटा क्रूस छापला होता. पूर्वग्रहाला एवढे साहित्य पुरेसे झाले. जुलै १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ ही त्यांची तिसरी ध्वनिमुद्रिका मात्र या आरोपाच्या कसोटीवर शब्दशः वाचून पाहण्यासारखी आहे. तसे वाचल्यास तीत सैतानाची पूजा कोठेही आढळत नाही. आढळतो तो एक जुनाच प्रश्न : जगातील दुष्टतेचे उत्तरदायित्व कोणाचे?

प्रथम या मंडळींची पार्श्वभूमी पाहू. टोनी आयोमी, गीझर बटलर, ऑझी ऑस्बर्न आणि बिल वॉर्ड हे चौघे बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीच्या परिसरात वाढले. ऑस्बर्न यांनी काही काळ कत्तलखान्यात काम केले होते. आयोमी सतरा वर्षांचे असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. ते डावखुरे असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या करून त्यांनी त्या बोटांवर चढवल्या. पुढे तारांचा ताण सोपा व्हावा म्हणून त्या सैल केल्या. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांत हा स्वर नेहमीपेक्षा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवलेला आहे. ज्या खर्ज, जड नादाला लोकांनी नरकाचा नाद म्हटले, त्याच्या मुळाशी कारखान्यातील एक यंत्र आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

शब्द बहुतांशी बटलर यांचे. आयर्लंडमधून आलेल्या कुटुंबात, कडक कॅथलिक संस्कारांत ते वाढले. ध्वनिमुद्रिकेत एकूण आठ रचना आहेत. त्यांपैकी दोन केवळ वाद्यांच्या आहेत, आणि ‘सॉलिट्यूड’ हे विरहाचे गीत आपल्या विषयाच्या बाहेरचे आहे. पहिले गीत ‘स्वीट लीफ’ गांजाची स्तुती करते. तीही अशा भाषेत, की एखाद्या भक्ताने आपल्या दैवताचे ऋण मानावे. पंचशीलातील पाचव्या शीलाचे स्मरण असलेल्या वाचकाला ते रुचणार नाही. प्रस्तुत लेखकालाही रुचलेले नाही. परंतु त्याच्याच पाठोपाठ, त्याच बाजूवर, ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे ख्रिस्ती ईश्वरश्रद्धेचे उघड समर्थन करणारे गीत येते. एकाच श्वासात गांजा आणि ईश्वर!

‘आफ्टर फॉरएव्हर’चा काळ समजून घेतला पाहिजे. ‘ईश्वर मेला काय?’ असा प्रश्न १९६६ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर विचारला होता. तरुणांच्या मेळ्यात ईश्वराचे नाव घेणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरू लागले होते. दुसरीकडे, १९६९ पासून उत्तर आयर्लंडात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतील वैर रस्त्यावर रक्त सांडू लागले होते. या गीतामागे ती परिस्थिती होती, असे बटलर यांनी नंतर सांगितले आहे. गीतातील वक्ता श्रोत्याला विचारतो, की मित्र हसतील या भयानेच तू श्रद्धा लपवतोस ना? कळप धावेल तिकडे धावण्याइतके तुझे मन लहान आहे काय? पोपला फासावर लटकलेले पाहून तुला आनंद होईल काय, असेही तो विचारतो. या शेवटच्या प्रश्नाचा राग येऊन काहींनी सारे गीतच धर्मद्रोही ठरवले. प्रश्नातील उपरोध त्यांना ऐकू आला नाही.

येथवर गीत स्वतंत्र विचाराचे आवाहन करते. त्यानंतर मात्र ते आपलाच धागा सोडते. मृत्यू समोर उभा राहील तेव्हाही तू असेच नाकारशील काय, आणि तेव्हा उशीर झालेला असेल, हा त्याचा मुख्य युक्तिवाद होय. सतराव्या शतकात फ्रेंच विचारवंत पास्कल याने मांडलेल्या पैजेचे हे कामगारवस्तीतील रूप आहे. ईश्वर असला तर श्रद्धावान सुटला; नसला तर त्याचे काय गेले?

परलोक आहे की नाही, या अनिश्चिततेचा विचार कालाम सुत्तातही आलेला आहे. केसपुत्तच्या कालामांना तथागत जी चार आश्वासने सांगतात, ती या गीताशेजारी ठेवून वाचावीत. परलोक असेल, तर निर्वैर चित्ताच्या मनुष्याला तेथे भय नाही. नसेल, तर याच जन्मी तो वैररहित आणि सुखी आहे. अनिश्चितता तीच, पण तेथे तिच्यातून धमकी निघत नाही. बटलर यांच्या गीतात द्वेषाने भरलेल्या जगाविषयीची तळमळ खरी आहे, यात शंका नाही. परंतु बेलफास्टच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंचे लोक ईश्वराला मानणारेच होते. ईश्वर हाच प्रेमाचा एकमेव मार्ग, हे विधान त्या रस्त्यांवर कसे टिकेल, याचा विचार गीताने केलेला नाही.

दुसऱ्या बाजूवरील ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ हे गीत आमच्या मते या संग्रहातील सर्वांत सखोल होय, आणि नेमके यावरच सैतानपूजेचा आरोप सर्वांत सहज होतो. कारण येथे सैतान स्वतः बोलतो. शीर्षकाचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे; तेथे सैतानाला या जगाचा अधिपती म्हटले आहे. पण गीतातील सैतान काय बोलतो? तो म्हणतो, की मला या जगाचे स्वामित्व तुम्हीच दिले. तुमचा आत्मा मी घेतला, तर तो गेल्याचे तुमच्या ध्यानीही आले नाही. तुम्ही स्वतःला निष्पाप समजता, मला ओळखत नाही असे म्हणता. पण लोभ आणि अहंकार यांच्या पायी माझ्याकडेच वळता. कॅथलिक माणूस ज्याच्यापाशी आपल्या पापांची कबुली देतो, त्या धर्मगुरूच्या आसनावरही आता सैतान येऊन बसला आहे. हे स्तोत्र नव्हे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला सैतान साक्षीदार होऊन श्रोत्याकडे बोट दाखवतो आहे.

आत्म्याची कल्पना बौद्धांना मान्य नाही. ती बाजूला ठेवूनही हे गीत आपल्या परिचयाचे वाटते. मारालाही कामलोकाचा स्वामी मानले गेले आहे. सुत्तनिपातातील पधानसुत्तात तो नेरंजरेच्या तीरी गौतमाजवळ येतो, तोही गोड, करुणेने भरलेली वाणी बोलत. तेथे त्याच्या सेनांची गणना आहे : काम, अरती, तृष्णा, भय, शंका. बाहेरची एकही सेना नाही. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मारकथेचा अर्थ याच दिशेने, म्हणजे मनावर चालून येणारे दुष्ट विचार आणि विकार असा लावला आहे. संयुत्तनिकायातील मारकथांत तथागत त्याला ओळखतात, आणि ओळख पटताच तो खिन्न होऊन नाहीसा होतो. गीतातील मनुष्य ‘मी तुला ओळखत नाही’ असे म्हणतो, म्हणून सैतान जागेवरच राहतो. दोन्हीकडे सारे काही त्या एका ओळखण्यावर अवलंबून आहे. ख्रिस्ती कवीने सैतानाचे सामर्थ्य त्याच्या शिंगांत न ठेवता श्रोत्याच्या अज्ञानात ठेवले, ही या गीताची थोरवी.

‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ हे गीत अणुयुद्धाच्या छायेतील तरुणांना उद्देशून आहे. जगात प्रेम जिवंत आहे हे दाखवून द्या, अन्यथा थडगे ठरलेलेच, असे ते बजावते. येथे ईश्वर मध्ये येत नाही. करायचे ते माणसांनीच करायचे आहे.

शेवटचे ‘इन्टु द व्हॉइड’ मात्र हा सारा विचार उधळून लावते. पृथ्वी दूषित झाली, द्वेषाने भरली. तेव्हा अग्निबाणात बसून काही स्वातंत्र्यप्रेमी दुसऱ्या जगाकडे निघून जातात आणि पृथ्वी सैतानाला व त्याच्या गुलामांना सोडून देतात. संगीताच्या दृष्टीने ही रचना अत्यंत प्रभावी आहे, असे जाणकार म्हणतात, आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. पण आधीच्या गीतात ज्या मनुष्याने जगाचे स्वामित्व सैतानाच्या हाती दिले, तोच येथे त्या जगाला शिव्या देत उड्डाण करतो. अ‍ॅस्टनच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला जाणारे मागे राहिले, ते ‘गुलाम’ या एका शब्दात मोडतात. ज्याची बोटे त्याच कारखान्यात तुटली, त्याच्याच गिटारवर हे गीत वाजते आहे.